मागच्या झाकणावर लिहिलेलं

जुना टीव्ही शोधायला कुणाच्या घरात शिरलात तर समोर बघू नका, वर बघा. समोर भिंतीवर नवा, चपटा टांगलेला असतोच. जुना माळ्यावर असतो, नाहीतर गोठ्यात, नाहीतर न्हाणीच्या भिंतीला टेकवलेला. येडगावात मला एक सापडला, त्यात देव बसवले होते. आतली काच, सर्किट सगळं काढून टाकलेलं, लाकडी खोक्याला आतून लाल कापड लावलेलं आणि पुढची सरकती दारं, ज्याला शटर म्हणायचे, ती मात्र तशीच. सकाळी पूजेला दारं उघडायची, पूजा झाली की लावायची. घरातली बाई म्हणाली, "भाऊ, देवाला याच्यापरीस चांगलं घर कुठं मिळायचं?" मी देवाला नमस्कार केला आणि निघालो. आण्याच्या पठारावर एका खोक्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली बघितली. तिला उठवायची माझी हिंमत झाली नाही. तसाच मागे फिरलो.

नारायणगावात माझ्या घराच्या मागच्या खोलीत आता एकोणीस सेट आहेत. सगळे काळे-पांढरे, लाकडी खोक्याचे. बायको होती तोवर तिथे कांदे आणि गव्हाच्या कोठ्या असायच्या. लोक म्हणतात, रिटायर माणसाला काहीतरी छंद पाहिजेच. मुलगा पुण्याहून आला की म्हणतो, "पप्पा, हे भंगार कमी करा आता, विंचू निघतील." हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला तीन सेट शोभेला मांडायला हवे होते. गिऱ्हाइकं म्हणे त्यांच्यासमोर फोटो काढतात. मी त्याला दारातूनच वाटेला लावलं, चहासुद्धा विचारला नाही. मला राग पटकन येतो, हे आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. तो कशाचा येतो हे कुणाला ठाऊक नाही, आणि ते सांगायलाच आज बसलोय.

मी वीस-बावीस वर्षं घोडेगावला टीव्ही मेकॅनिक होतो. एसटी स्टँडजवळच्या एका दुकानात मागच्या बाजूला माझं टेबल होतं. पुढे नव्या सेटची विक्री, मागे जुन्यांची दुरुस्ती. आम्हा मेकॅनिक लोकांची एक रीत होती. सेट उघडला की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवायचं, कोणतं गाव, काय बिघडलं, काय केलं. मालकाला ते दिसत नाही, पण पुढच्या खेपेला उघडणाऱ्याला कळतं. खाली प्रत्येकाची आपापली खूण असायची. माझी खूण म्हणजे एक गोल आणि गोलात टिंब.

आणि आमच्या धंद्यात दोन शब्द होते, "ट्यूब गेली". पिक्चर ट्यूब म्हणजे सेटचा जीवच. ती बदलण्यापेक्षा नवा सेट बरा, म्हणून ट्यूब गेली म्हटलं की गिऱ्हाईक पुढे काही विचारत नसे. खरोखर जायचीच ट्यूब, नाही असं नाही. पण कधी कधी बिघाड शोधायला अर्धा दिवस लागणार असं दिसलं, हाताशी कामं तुंबलेली असली, डोकं तापलेलं असलं, की समोरच्या माणसाकडे बघून मी ते दोन शब्द बोलून मोकळा व्हायचो. घोडेगावातल्या माणसाला असं सांगायची सोय नव्हती. तो दुसऱ्याला दाखवायचा आणि मग चार लोकांत माझी शोभा करायचा. डोंगरातून आलेला माणूस भांडत नसे. तो "बरं" म्हणायचा आणि सेट उचलायचा. मी हे ओळखून होतो. कुणाला काय सांगितलं तर खपतं, हे मला सोल्डरिंगपेक्षा चांगलं जमायचं.

दुकान बंद झालं, मी नारायणगावला घरी बसलो आणि सगळं विसरलो होतो. मग एकदा आळेफाट्याला एका भंगारवाल्याकडे मोटर घ्यायला गेलो, तर ढिगाऱ्यात एक लाकडी सेट दिसला. सहज झाकण काढलं. आत माझी खूण होती, आणि वर माझ्याच अक्षरात, "ट्यूब गेली". घरी आणून जोडला. एक कंडेन्सर बदलला आणि काच उजळली. मी स्टुलावर बसून होतो. बायको आतून विचारत होती, "चालला का?" मी म्हणालो, "नाही." तिच्याशी खोटं बोलायचं काहीच कारण नव्हतं, पण बोललो.

तेव्हापासून हा छंद. लोक समजतात मी जुने टीव्ही शोधतो. मी माझ्या खुणा शोधतो. एकोणीसपैकी सात सेटांत मी "ट्यूब गेली" लिहिलेलं आहे, आणि त्या सातांतल्या चारांच्या ट्यूब आजही ठणठणीत आहेत. बाकीचे बारा आपले उगाच, लोकांनी छंद म्हणावा म्हणून.

पण या सगळ्यांत मला हवा होता तो एकच सेट. तो गोधडीत बांधून आला होता.

तो दिवस मला लख्ख आठवतो. दुपारी मॅच होती. दुकानात पुढचे तिन्ही रंगीत सेट लावलेले, रस्त्यापर्यंत माणसं उभी. मी टेबलावरनं मान वाकडी करून बघत होतो. तेवढ्यात मागच्या दाराने एक माणूस आला. पाठीवर गोधडीत बांधलेला सेट, छातीवर दोरी. धरणाच्या पलीकडच्या वाडीतून आला होता, अर्धी वाट चालत आणि अर्धी एसटीच्या टपावर सेट धरून. म्हणाला, "आवाज येतोय, चित्र येत न्हाई. मंडळी पडून हाय घरी, तिच्यासाठी घेतला व्हता." मी ऐकलं. पुढे कोणीतरी चौकार मारला होता, त्या गोंधळातही मी ते नीट ऐकलं. झाकण काढलं, चालू केला, ट्यूबच्या मानेत लाल दिवा लागतो तो लागत नव्हता. याची दोन कारणं असतात. एक तर ट्यूब गेली, नाहीतर तिच्या मागच्या सॉकेटमध्ये एखादी तार सुटली. कोणतं ते बघायला मीटर लावायचा, पाच मिनिटांचं काम. मी मीटर लावला नाही. "ट्यूब गेली" म्हणालो, झाकणावर लिहिलं, गोल काढला, टिंब दिलं. तो म्हणाला, "बरं." तपासायचे पैसे द्यायला लागला तर मी घेतले नाहीत. तेवढी लाज शिल्लक असावी. त्याने गोधडी पुन्हा बांधली, मी दोरीला हात लावला आणि तो गेला. मी मॅच बघायला पुढे आलो.

त्याचं गाव मी झाकणावर लिहिलं होतं, डोक्यात ठेवलं नव्हतं. धरणापलीकडची वाडी एवढंच आठवत होतं, आणि अशा वाड्या कितीतरी. गेली तीन वर्षं मी घोडेगावहून सुटणाऱ्या एकेका गाडीत बसून एकेक वाडी पालथी घातली. गाडी सुटायला वेळ असला की स्टँडवरच्या टपरीवर बसायचं, पलीकडून आलेल्या माणसांना विचारायचं, "शटरचा टीव्ही आहे का कुणाकडं?" लोक हसायचे. "पावणं, आता कोण ठिवतंय त्यो," म्हणायचे. गोधडी आणि अंथरुणाला खिळलेली बाई यांच्याबद्दल मात्र मी कुणालाच विचारलं नाही. विचारलं असतं तर पहिल्याच महिन्यात पत्ता लागला असता. मला तो सेट हवा होता, पण तो माणूस भेटायला नको होता. खोटं कशाला बोलू.

शेवटी यंदा, हिरड्याच्या दिवसांत, एका किराणा दुकानदाराने सांगितलं की अमुक वाडीत शेवटच्या घरी एक म्हातारे बाबा आहेत, त्यांनी टीव्ही जपून ठेवलाय, कुणाला हात लावू देत नाहीत. मी तेव्हाच ओळखलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेलो. पिशवीत पक्कड, मीटर, सोल्डरिंगची इस्त्री आणि पेन्सिल. ही सवय अजून गेलेली नाही.

अंगणात बाळहिरडा वाळत घातला होता. बाबा एकटेच होते, हाताने हिरडा पसरत होते. पंच्याहत्तरीच्या पुढचे असतील. मी ओळखलं, त्यांनी ओळखलं नाही. माझे केस गेलेत, दात गेलेत, तेव्हा मिशी होती ती नाही. मी म्हणालो, जुने टीव्ही गोळा करतो, दुरुस्त करतो, तुमच्याकडे आहे असं कळलं. ते म्हणाले, "बसा पावणं. पानी घ्या आदी." पाणी दिलं, कोरा चहा ठेवला. मुलगा चाकणला कंपनीत होता, सून भातखाचराकडे गेलेली.

आतल्या खोलीत भिंतीला लागून एक खाट होती. तिच्यावर अंथरूण गुंडाळून ठेवलेलं. आणि खाटेच्या पायथ्याला, पडलेल्या माणसाला नीट दिसेल अशा उंचीवर फळी ठोकलेली, फळीवर सेट, सेटवर गोधडी. तीच होती की नाही सांगता येत नाही, पण तीच असणार.

मी म्हणालो, "द्याल का हा?"

"घिऊन जा की," बाबा म्हणाले. "आता ठिवून काय करू. पोरगा बी म्हनतोय काढा. फकस्त एक करा. नेयाच्या आदी एकदा उघडून बघा, खरंच गेला व्हता का. त्येवढं मला सांगा अन् मंग न्या."

मी चहाचा कप खाली ठेवला. मी म्हणालो, "घरी नेऊन बघतो ना सावकाश, कळवतो तुम्हाला."

"न्हाई. हितंच बघा."

आता काय करायचं? पायाला पाय लावून पळावं असं वाटलं, पण गाडी साडेतीनशिवाय नव्हती. मी गोधडी बाजूला केली, दारं सरकवली, स्क्रू काढले, झाकण ओढलं. आत धुळीचा थर, पालीची अंडी. झाकण उलटं करून भिंतीशी ठेवलं तर पेन्सिल अजून स्वच्छ वाचता येत होती. वाडीचं नाव, "ट्यूब गेली", गोल, टिंब. तेवढं एकच लिहिलेलं होतं. माझ्यानंतर तो सेट कुणी उघडलाच नव्हता.

वायर लावली, बटण फिरवलं. थोड्या वेळाने खर्र आवाज सुरू झाला. काच काळी.

"तवा बी आसंच व्हतं," बाबा खाटेच्या कडेला टेकत म्हणाले. "आवाज यायचा. तिची पाठ मोडल्याली, हिरड्याच्या झाडावरून पडली व्हती. उठता येत नव्हतं. मंग म्हनायची, आवाज तर लावा. मी लावायचो. ती म्हनायची, सांगा की आता काय चाललंय त्यात. मंग मी सांगायचो."

"काय सांगायचात?" मी न राहवून विचारलं.

"काय बी. आता ती बाई इहिरीवर गेली. आता त्यो मानूस घोड्यावर बसला. घोडा मी लई येळा आणायचो, तिला घोडं आवडायचं. आवाजात घोडा नसला तरी आणायचो. ती म्हनायची, गप बसा, घोडा कुठनं आला आता. अन् हसायची." ते गुंडाळलेल्या अंथरुणावरून हात फिरवत म्हणाले, "नऊ वर्सं व्हती ती त्यानंतर."

मी ट्यूबच्या मागे तोंड घालून बसलो होतो. डोळे पुसायचे तर हाताला धूळ. मीटर लावला. जो मीटर त्या दुपारी लावला नाही तो लावला, आणि काटा हलला. ट्यूब चांगली होती. सॉकेटच्या एका पिनेचं सोल्डर सुटलं होतं. नखाने ढकललं तर हलत होतं. मला वाटलं आता सांगावं की गेलीय, खरंच गेलीय, आणि झाकण लावून मोकळं व्हावं. ते दोन शब्द जिभेवर आले होते. त्या माणसाला तेच सोपं झालं असतं, असंही मनाला समजावून झालं. पण ते खाटेवर बसून माझ्या हाताकडे बघत होते. मी इस्त्री तापवली आणि पिनेला टेकवली. सोल्डर वितळलं, बसलं. ट्यूबच्या मानेत लाल दिवा लागला.

काच हळूहळू उजळली. मुंग्या. नुसत्या पांढऱ्या-काळ्या मुंग्या, काचभर. खोलीत अंधार होता, त्यामुळे उजेड समोरच्या भिंतीवर आणि खाटेवर पडला.

बाबा उठले नाहीत. म्हणाले, "कारेक्रम कुठं गेलं?"

"हवेतून यायचे ते आता बंद झालेत, बाबा. अँटेनावर आता काही येत नाही. डिशचा डबा लागतो."

"मुंग्याच दिसत्यात."

"हो."

ते मुंग्या बघत होते. मग म्हणाले, "तिला मुंग्या बी चालल्या असत्या."

मी साधनं पिशवीत भरायला लागलो, उगाच घाई करत. मग त्यांनी विचारलं, तेच विचारणार हे मला माहीत होतं. "दहा मिन्टात केला तुमी. मंग तवा त्या मेकॅनिकला का जमलं न्हाई? मानूस तर भला व्हता. पैसं बी घेतलं न्हाईत त्यानं."

उत्तर तयार होतं माझ्याकडे. तेव्हा अशी साधनं नव्हती, वगैरे. त्यांनी मान्य केलं असतं, "बरं" म्हणाले असते. तो "बरं" मला पुन्हा ऐकायचा नव्हता.

"बाबा, तो मीच," मी म्हणालो. "घोडेगावच्या दुकानातला. मी नीट बघितलंच नाही त्या दिवशी. तुम्ही सांगितलेलं मी ऐकलं होतं, मंडळी पडून आहे ते. पण मॅच चालू होती, मला मॅच बघायची होती. म्हणून ट्यूब गेली म्हणालो."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. आधी ओळख पटेना, मग पटली असावी. मला वाटलं आता शिव्या घालतील, हात उचलतील. उचलला असता तर मी मार खाल्ला असता मुकाट्याने.  मुंग्यांचा खर्र आवाज तेवढा चालू होता.

"मॅच," ते म्हणाले. आणि मग अगदी साध्या आवाजात, "मंग जितलो का आपुन?"

मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. ती दुपार मला सगळी आठवते, गोधडीची गाठ, छातीवरची दोरी, दुकानातली गर्दी. पण मॅच कोण जिंकलं ते आठवेना.

"आठवत नाही, बाबा."

ते उठले. भिंतीशी टेकवलेलं झाकण त्यांनी उचललं, उजेडाकडे धरलं. "ह्ये काय लिवलंय? मला वाचता येत न्हाई."

"गावाचं नाव आहे. आणि लिहिलंय, ट्यूब गेली."

"तुमीच लिवलंय?"

"हो."

"खोडा ते."

मी खिशातला रुमाल थुंकीने ओला केला आणि घासायला लागलो. पंचवीस वर्षांची पेन्सिल, सहज जाईना. अक्षरं पुसट झाली पण गेली नाहीत. ते बघत उभे होते. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. खाली लिवा आता, खरं काय झालं व्हतं ते."

मी पिशवीतून पेन्सिल काढली. झाकण गुडघ्यावर घेतलं आणि लिहिलं. अक्षर पोरासारखं आलं. खाली गोल काढला, टिंब दिलं.

"वाचा."

"ट्यूब चांगली आहे," मी वाचलं. "सॉकेटचं सोल्डर सुटलं होतं. मेकॅनिकने बघितलं नाही."

"मोठ्यानं वाचा. तिकडं तोंड करून."

मी खाटेकडे वळलो. गुंडाळलेल्या अंथरुणावर मुंग्यांचा उजेड हलत होता. मी मोठ्याने वाचलं, शेवटच्या शब्दापर्यंत. 

बाबांनी मान हलवली. पुढे होऊन त्यांनी बटण बंद केलं, दोन्ही दारं सरकवून लावली आणि वर गोधडी नीट पसरली. सेट न्यायचं त्यांनी काढलं नाही, मीही विचारलं नाही.

"लावा झाकन आता," ते म्हणाले. "साडेतीनची गाडी गाठायची असंल तुमाला."

चार स्क्रू होते. चारही पक्के बसेपर्यंत ते माझ्या शेजारी उभे होते.